दोन कुलपांमागची वत्सलाकाकी

वत्सलाकाकींचा जप मेरुमण्याला पोहोचायच्या आतच देवळाच्या दाराला पहिलं कुलूप लागलं. गावातल्या वरच्या वाड्यावरच्या रघुनाथने ते धारगळच्या दुकानातून मुद्दाम आणलं होतं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, हा वाद मिटेपर्यंत देवळात कुणीच पाऊल ठेवायचं नाही, असं त्याचं म्हणणं. थोड्या वेळाने खालच्या वाड्यावरचा सगुण आला. रघुनाथचं कुलूप पाहून त्याचं डोकं फिरलं आणि त्याने खालच्या कडीत आपलं, त्याहून मोठं, ठोकलं. खांबाआड बसलेल्या काकी सगळं ऐकत होत्या. पण माळ हातात असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. माळ डोळ्यांना लावून त्या दारापाशी आल्या, तेव्हा बाहेर चिटपाखरू नव्हतं.

काकींना स्वतःची काळजी नव्हती. काळजी होती गाभाऱ्यातल्या नंदादीपाची. रोज तिन्हीसांजेला घरून तेल आणून त्या तो भरत. सासूने शेवटच्या दिवसांत सोपवलेलं काम ते. आणि आता समईतलं तेल तळाला टेकत आलं होतं.

सून सुविधा शोधत आली आणि खिडकीच्या जाळीला नाक लावून ओरडली, "आई! तुमका कोंडून घातल्यानी?"

"बोंब मारू नको. तेलाची बाटली हाड."

"ती ह्या जाळयेतसून जातली कशी?"

ते खरंच होतं. वटवाघळं येऊ नयेत म्हणून बसवलेली जाळी. तिच्यातून उदबत्तीही गेली नसती.

सुविधाच्या आवाजाने दोन्ही वाडे गोळा झाले.

"सगुणा, काढ तुझा कुलूप."

"पयला तू काढ. तू पयला घातलंस."

"तुझा मोठा आसा!"

जो आधी कुलूप काढेल, त्याने काकींना अडकवल्याचं कबूल केल्यासारखं होणार, आणि मग पालखीचा खांदा गेलाच, हे दोघांनाही कळत होतं. शेवटी सुविधाने पोलिसांना फोन लावला.

हवालदार मधुकर आले आणि पायरीवर बसून त्यांनी पेन उघडलं.

"लिवा," रघुनाथ म्हणाला, "सगुणान आमच्या वैनीक कैद केल्यान."

"कैद कोर्ट देता. सगुण म्हणजे कोर्ट काय?"

"मग अटक?"

"अटक आमी करतो. तुमी कित्याक आमचा काम करतास?"

"स्थानबद्ध," मागून कुणीतरी शिकल्यासवरल्या आवाजात सुचवलं.

"तेका कलेक्टर लागता."

सगुण पुढे झाला. "साहेब, साधा लिवा. रघुनाथान तिका कोंडल्यान."

"कोंडतत ती कोंबडी. बाईमाणसाक लिवचा तर 'डांबून ठेवले'. पण तसा लिवलंय तर गुन्हो झालो. मगे तुमका दोघांकय माझ्यावांगडा येवचा पडतला."

"नाय नाय," दोघे एकदमच म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. "ती आपणच अडाकली!"

"आपणच अडाकली, तर अग्निशामक दलाक फोन करा. माका कित्याक आपयलास?"

आत काकींना हसू येत होतं. लग्न होऊन त्या इथे आल्या आणि सासूने अंथरूण धरलं. पुढे कित्येक वर्षं मये गावी, माहेरी जाणं झालं नाही. भाऊ न्यायला यायचा, चहा पिऊन एकटाच परत फिरायचा. त्याला लोक सेवा म्हणत. चांगला शब्द. काकीही तोच वापरत, आणि पुष्कळदा तो अगदी मनापासून खराही असे. पण बाई, तुझ्याबद्दल काय लिहू, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आज तरी कुठे विचारत होते!

गाभाऱ्यातली ज्योत एकदा दचकली.

बाहेर मधुकरना वाट सापडली. "असा करूया. 'वत्सलाबाई स्वेच्छेने देवळात बसून आहेत.' कोणाचोच दोष नाय."

दोघांचे चेहरे उजळले. त्या वाक्याखाली त्यांनी पटापट सह्या ठोकल्या आणि हवालदारांच्या शिट्टीसरशी एकदमच कुलपं काढली.

"वैनी, सुटलास! येवा भायर," रघुनाथ म्हणाला. त्याचं कुलूप हातात उघडंच होतं, लगेच परत लावायला. सगुणचंही.

काकी उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "मधुकरबाब, काय लिवलास तां परत एकदा वाचा बघूया," त्या हळूच म्हणाल्या.

मधुकरनी वाचलं.

"बरोबर आसा. मी माझ्या इच्छेन बसलंय. पालखीचा ठरापर्यंत बसतलंय."

"काकी, असा कसा?" सगुण कळवळला. "आमका कुलूप घालूचा आसा!"

"घाला. माका काय तरास नाय."

रघुनाथचा हात कडीकडे गेला. मधुकर खाकरले.

"घालूचा तर घाल. पण बाई आपल्या मर्जीन भितर आसा, म्हणून तुमीच सही केलास. आता भायरसून कुलूप पडला, तर माका तो गुन्ह्याचोच शब्द लिवचो पडतलो."

हात खाली आला. हवालदार मोटरसायकलवरून निघून गेले. सुविधा धावत तेल घेऊन आली. काकींनी समई भरली, वात पुढे सारली आणि ज्योत सरळ उभी राहीपर्यंत हात जोडून तिच्याकडे पाहत राहिल्या.

बाहेर रघुनाथ पायरीच्या एका टोकाला बसला, सगुण दुसऱ्या. आपण उठलो आणि हा आत जाऊन पालखीचं काही ठरवून बसला तर? कुणी उठेना. दोघांच्याही घरून जेवायला हाका आल्या. दोघांनीही ऐकू आलं नाही असं दाखवलं.

"सुविधा," काकी उंबऱ्यातून म्हणाल्या, "पेज हाडशीत ती तिगांक पुरतली इतकी हाड."

"तिगांक? आणि कोण?"

"ह्ये दोगय मगे. बिचारे आता खंय जातले?"