खंडेनवमीचा लॅपटॉप

प्राध्यापक उदयसिंह आंघोळ करून बाहेर आले, तेव्हा त्यांचा लॅपटॉप कोयता आणि खुरप्याच्या मधोमध पाटावर विराजमान झाला होता. अंगावर हळदीकुंकवाची बोटं, डोक्यावर झेंडू. शेजारी मोबाईलही त्याच थाटात. खंडेनवमी म्हणून त्यांच्या आईने, धोंडुबाईंनी, घरातली सगळी हत्यारं पूजली होती. पूजलेल्या हत्याराला उद्या दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा कायदा.

उदयसिंहांनी पुढे केलेला हात मागे घेतला. संध्याकाळी गारगोटीला त्यांचं व्याख्यान होतं, 'यंत्राला आत्मा असतो का?' बावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यावर आलेलं पहिलंच बोलावणं, आणि भाषण सगळं त्या लॅपटॉपात. आत्मा नसतो, हे त्यांनी एआयकडूनच लिहून घेतलं होतं आणि आळसापोटी एकदाही वाचलं नव्हतं.

"आई, ते हत्यार न्हाय. त्याला बुद्धी हाय. बोलतंय, इचार करतंय."

"म्हंजे जितं हाय?"

उदयसिंहांनी इकडेतिकडे पाहिलं. गारगोटीचं कुणी ऐकत नव्हतं. "व्हय."

"मग सणाच्या दिशी राबवतोस व्हय त्याला? बेंदराला बैलाच्या मानंवर जू ठेवतो का आपण?"

"बरं, ऱ्हायलं. हत्यारच हाय. जीव न्हाय त्यात."

"मग पूजलंय की मी. उद्या घे."

बावीस वर्षांचं तत्त्वज्ञान पाटापासून दोन हातांवर अडलं. उदयसिंह रिकाम्या हातांनी गारगोटीला गेले.

माईकसमोर त्यांना दुसरं काहीच सुचेना, म्हणून त्यांनी सकाळी घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. लोक पोट धरून हसले. मग अर्धा मांडव 'हत्यार' म्हणू लागला, अर्धा 'जीव', आणि तासभर कुणी उठेना. अध्यक्षांनी उदयसिंहांना शाल पांघरवताना हळूच विचारलं, "सर, फुडल्या वर्षी आईसाब येतील का?"

उदयसिंह हरखून घरी आले. शाल त्यांनी आईच्या खांद्यावर घातली. "मान तुझा हाय, आई. त्या लॅपटॉपानं लिवलेलं वाचावंच लागलं न्हाय."

"ब्येस झालं," धोंडुबाई म्हणाल्या. "त्याला आत्मा न्हाय, असं त्याच्याच हातनं लिवून घेतलंस म्हणं. सूनबाई सांगत हुती. असं कुणी करतं व्हय? किती लागलं असंल त्याच्या जिवाला."

दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आल्यावर उदयसिंहांनी लॅपटॉप उघडला. कुंकू पुसायला फडकं घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. मग आई बघत नाही याची खात्री करून त्यांनी टाइप केलं, 'सोनं घे, सोन्यासारखं राहा. त्या भाषणाचं मनावर घेऊ नकोस.'