माझ्यावर खटला भरा

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचं दार वाऱ्याने लागलं आणि चावी आत राहिली. ही घटना कोणत्याही कायद्यात गुन्हा ठरत नाही. बाईंनी रीतसर चावीवाल्याला बोलावलं. बावीस वर्षं तो याच भागातली कुलपं उघडत होता. तो गुडघे टेकून कामाला लागला आणि बाई वरच्या मजल्यावर मैत्रिणीकडे गेल्या. तिथे गप्पा रंगल्या.

समोरच्या घरातल्या काकांनी दाराच्या भिंगातून एक माणूस कुलपात तार घालताना पाहिला आणि पोलिसांना फोन केला. महिनाअखेर होती. ठाण्याच्या फळ्यावर ‘घरफोडी : अटक’ या रकान्यात भलंमोठं शून्य होतं. पोलीस चार मिनिटांत हजर झाले.

“साहेब, बाईंनीच बोलावलंय. वर आहेत, विचारा की!”

“विचारायचं काम वकिलांचं. आमचं पकडायचं,” फौजदार म्हणाले.

बाई खाली आल्या तेव्हा दार उघडं होतं. माणूस कामाला चोख आहे, असं म्हणत त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मागे चार शिपाई, मध्ये फौजदार, पुढे एक पेचकस. मथळा होता, ‘सराईत घरफोड्या रंगेहाथ जेरबंद’.

चौथ्या दिवशी फाईल सरकारी वकिलांकडे गेली. त्यांनी बाईंना फोन लावला. “अहो, मीच बोलावलं होतं त्यांना!” एवढं ऐकून त्यांनी शेरा मारला: ‘आरोप ठेवण्याजोगं काही नाही.’ चावीवाला सुटला. फौजदारांना याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

“सोडलं तर सोडलं. फळ्यावरचा आकडा थोडाच पुसला जातो? अटक ती अटक.”

चावीवाल्याने पेपरवाल्यांना सुटकेची बातमी सांगितली, तर ते म्हणाले, “काही झालंच नाही, याची बातमी कशी करणार?”

इमारतीच्या समितीने मात्र नियम केला: चारित्र्याचा दाखला असल्याशिवाय कारागिराला प्रवेश नाही. पोलिसांनी दाखला दिला. त्यात लिहिलं होतं, ‘अटक : होय. निकाल : ’ आणि पुढे कोरं. ते कोरं भरून घ्यायला चावीवाला वकिलांच्या कचेरीत गेला.

कारकुनाने वही चाळली. “तुमच्यावर खटलाच भरला नाही. आमच्या वहीत तुम्ही नाहीच.”

“मग निर्दोष आहे, एवढं तरी लिहून द्या.”

“ते कोर्ट लिहितं. त्यासाठी आधी आरोप ठेवावे लागतात.”

अटकेच्या त्या चार दिवसांत कोठडीत चावीवाल्याच्या शेजारी एक खराखुरा घरफोड्या बसला होता. त्याच्यावर आरोप ठेवले गेले, खटला चालला, साक्षीदार उलटला आणि तो निर्दोष सुटला. गोल शिक्क्याचा कोर्टाचा कागद त्याच्या हाती पडला. समिती त्या कागदावर इतकी खूश झाली की तिने त्याला इमारतीचा रखवालदार नेमला.

“मामा, कागद?” फाटकात त्याने चावीवाल्याला अडवलं.

“अरे, तू मला ओळखतोस!”

“ओळखतो म्हणूनच विचारतोय. चांगली माणसं कागदाशिवाय फिरत नाहीत, मामा.”

सहा महिने हातात काम नाही. शेवटी चावीवाला थेट सरकारी वकिलांसमोर उभा राहिला.

“साहेब, पाया पडतो, माझ्यावर खटला भरा.”

“कशाच्या जोरावर? पुरावा कुठाय?” वकील खवळले. “निरपराध माणसावर खटला भरायला मी काय पोलीस आहे?”

घरी बायको शांतपणे म्हणाली, “अहो, मग फोडाच एखादं घर. तेवढं एकच काम बाकी राहिलंय.”

त्याने घर फोडलं नाही. समितीच्या सभेत हात जोडून अर्ज केला. अध्यक्षांनी अर्ज वाचून दाखवला आणि ते म्हणाले, “हा माणूस आत यायला हरकत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा.”

शिक्षिकाबाई पदराचं टोक नीट करत होत्या. समोरचे काका चष्मा पुसत होते. रखवालदार दाराशी अदबीने उभा होता. कोणी कुजबुजलं, “पोलीस काय उगाच पकडतील?”

एकही हात वर गेला नाही.

तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. कुजबुजणारा आवाज ओळखीचा वाटला असेल तर घाबरू नका. त्याबद्दल अजून तरी कोणी अटक करत नाही.