तुमची वस्तू राहिली

आमचे बिराजदार सर मुलांना धावत जाऊन गाठतात आणि त्यांनीच टाकलेलं सिगारेटचं थोटूक परत देतात. तेही अदबीनं, तळहातावर ठेवून. "अवो, तुमची वस्तू राहिली की!"

पहिल्या वर्षाची मुलं हमखास फसतात. आपलं काहीतरी मोलाचं पडलं असणार, या समजुतीनं एकानं तर "थँक्यू सर" म्हणत ते न बघताच खिशात टाकलं होतं.

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात सर भूगोल शिकवतात. एक डोळा नकाशावर, दुसरा खिडकीबाहेर. सायकल स्टँडकडं धूर दिसला की मान्सूनचे वारे केरळातच सोडून हा माणूस वर्गाबाहेर! स्टाफरूममध्ये चहा आला की हे उठलेच. चहा निवतो, साय धरते आणि इकडं माझं डोकं तापतं.

"सर, बसा की जरा!"

"बसलो असतो हो, पण लिंबाखाली दोघं उभे हायेत."

रागवत मात्र कधीच नाहीत. मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही 'तुम्ही'. "खडसावा की एकदा," असं मी कितीदा म्हणालो असेन. "नगं, नगं," एवढंच पुटपुटत ते पुढच्या झाडाकडं निघायचे.

परवा नव्या प्राचार्यांनी फर्मान काढलं : ओढताना सापडला की थेट बापाला फोन. त्याच दुपारी सरांनी जिन्याखाली एकाला गाठलं. मी सोबत होतो. थोटूक उचललं आणि नेमके प्राचार्य मागून आले. सरांनी मूठ मिटली.

"मुठीत काय आहे?"

मूठ उघडली. थोटूक अजून धुमसत होतं.

"कुणाचं हे?"

पोरगं पांढरंफटक. घरी काय होणार, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"माझं," सर म्हणाले.

सुपारीचं खांडही न खाणारा माणूस! प्राचार्यांनी सगळ्यांदेखत त्यांना झाडलं. सरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मी भयंकर चिडलो. प्राचार्य गेल्यावर म्हणालो, "कशाला अंगावर घेतलंत? दिला असता बापानं जरा दम!"

सर जिन्याच्या पायरीवर टेकले. भाजलेल्या तळहातावर फुंकर घालत राहिले.

"आमच्या पोराच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं, तवा मी बी दमच दिला होता. पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हणलं." त्यांनी हात मांडीवर ठेवला. "कधी न्हाय ते त्यानं माझं ऐकलं."