भार्गवरावांच्या वाचेचा बंदोबस्त

वाचा देणाऱ्या देवीस दंडवत, आणि वाचणारांस नमस्कार. राज्य कोणते व लिहिणार कोण हे पुसो नये. घडले ते यथास्थित लिहिले आहे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ मासी, आदितवारी तीर्थरूप मोरेश्वरपंत स्नान करून मेजापाशी विराजमान जाहले, आणि आम्ही त्यांची कन्या शेजारी मटार सोलीत बसलो, आणि दिवस इतर दिवसांसारखाच होता. पंत पूर्वी टेलिफोन खात्याचे चाकर; निवृत्तीनंतर एक मेज, एक संगणक व एक मायक्रोफोन इतकीच त्यांच्या राज्याची हद्द, परंतु कारभार चोख. त्यांचे बाळमित्र भार्गवराव यांस घशाचा दुर्धर आजार होऊन वैद्यांनी स्वरयंत्र काढिले होते, आणि वर्षभर ते पाटीवर लिहून बोलत, परंतु टोमणा लिहून दाखवीपर्यंत समोरचा उठून जाई, या दुःखाने ते झुरत चालले. हे पाहून पंतांनी पंखा बंद करून, खिडक्या लावून, भार्गवरावांची नित्याची वाक्ये आपल्या आवाजात रेकॉर्ड केली, आणि एक कळ दाबताच हवे ते वाक्य बोलावे ऐसी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकास दिलेला हुकूम. तो वाचून संगणकास समजाविणारा दुभाषी प्रोग्राम पंतांच्या संगणकात होता, भार्गवरावांच्या लॅपटॉपात नव्हता. मग पंतांनी हुकूम, दुभाषी आणि आवाजाच्या फायली एकत्र बांधून एकच स्वतंत्र प्रोग्राम सिद्ध केला, फौजेने आपला शिधा पाठीस बांधून परमुलखी निघावे तैसा. असे काम त्या राज्यात पूर्वी कोणी केले नव्हते.

परंतु प्रोग्राम कधी बोले, कधी मुका होई. त्या आदितवारी भार्गवराव लॅपटॉप पिशवीत घालून आले, सोबत त्यांच्या पत्नी सुमित्राकाकी. भार्गवरावांनी बसता क्षणी कळ दाबिली, आणि लॅपटॉप पंतांच्याच आवाजात पंतांस म्हणाला, "मोऱ्या, तुझा प्रोग्राम नव्या जावयासारखा आहे. तुझ्यापुढे गोड बोलतो, घरी गेला की तोंड उघडत नाही!" हे वाक्य पंतांनी भार्गवरावांच्या हट्टास्तव स्वतः रेकॉर्ड केले होते, आणि ते ऐकून पंतच सर्वांत मोठ्याने हसले.

काकी म्हणाल्या, "हसू नका भाऊजी. सकाळी पेपरवरून भांडतात तोवर छान चालतं. जेवायच्या वेळी हे दाबतायत दाबतायत, आवाज नाही. रोज नाही हं, कधीकधी."

"मधे काय बदललंत, वहिनी?"

"काही नाही हो!"

"काहीतरी बदलतंच," पंत बोलिले. त्यांची रीत ऐसी की एका वेळी एकच बदल करावा, मग वाट पाहावी, आणि 'आपोआप बरा झाला' हा शब्द त्यांच्या दरबारी वर्ज्य होता. पाहुणे गेल्यावर ते आम्हास म्हणाले, "बिघाड जिथे होतो तिथे जाऊन बसायला हवं. भार्गवच्या घरचे तीन जिने माझे गुडघे चढू देत नाहीत, हीच अडचण." मग मटारची उसळ जाहली, आणि पंतांनी दोनदा वाढून घेतली.

सोमवारी पहाटे पंत हृदयाच्या आजाराने कैलासवासी जाहले. याहून अधिक लिहवत नाही.

पुढे तेरावे जाहले आणि काकी एकट्या आल्या. म्हणाल्या, "ते लॅपटॉप उघडतच नाहीत गं. पाटीसुद्धा कोपऱ्यात टाकली. एकदाच लिहिलं, की मोऱ्याचा आवाज मधेच गेला तर आता मला सोसणार नाही. घरात बोलणारी मी एकटीच उरले बघ." हे ऐकून आम्ही पंतांच्या मेजापाशी बसलो. आमची चाकरी ग्रंथालयाची, परंतु प्रोग्रामाची विद्या पंतांनी थोडी शिकविली होती. आम्ही त्यांची स्क्रिप्ट ओळीने वाचिली, आणि प्रत्येक ओळीपाशी ती का लिहिली हे त्यांनी सरळ मराठीत लिहून ठेविले होते, आणि एकही ओळ उगाच नव्हती. चांगला ग्रंथ वाचताना होते तैसे मन स्थिर जाहले. मग प्रोग्राम नव्याने बांधून चालविला, तो बोलिला. पुन्हा बांधिला, पुन्हा बोलिला. आमच्या घरी तो कधीच चुकेना, तेव्हा पंतांचा शब्द प्रमाण मानून आम्ही लॅपटॉपाच्या घरी, तीन जिने चढून गेलो.

सकाळी प्रोग्राम उघडिला आणि तो बोलिला. भार्गवराव दूर खिडकीपाशी पाठ करून बसले. आम्ही प्रोग्राम बंद केला नाही, कारण भार्गवरावही तो दिवसभर बंद करीत नसत. वाचा म्हणजे काही छत्री नव्हे की काम जाहल्यावर मिटून ठेवावी. बाराचा सुमार जाहला तों पडद्याच्या कोपऱ्यात लहानसा झाडू प्रकटला आणि 'सफाई पूर्ण' ऐसे लिहून अंतर्धान पावला. आम्ही कळ दाबिली. प्रोग्राम मुका.

"काकी, हा झाडू कुणी बसवला?"

"आमच्या भाच्याने, अगं. लॅपटॉप रेंगाळतो म्हणून. रोज बाराला कचरा काढतो म्हणाला. लॅपटॉप मिटलेला असला तर नाही काढत."

मग सारे उलगडले. एकत्र बांधलेला प्रोग्राम उघडताच आपली गठडी तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात सोडतो, प्रवाशाने धर्मशाळेत सामान सोडावे तैसी. आणि बाराला झाडू येऊन ते सामान कचरा समजून बाहेर टाकी. पंतांकडे येताना भार्गवराव शिस्तीने लॅपटॉप बंद करून आणीत, तेथे प्रोग्राम नव्याने उघडे, गठडी नव्याने सुटे, म्हणोन पंतांपुढे बिघाड कधी उभा राहिलाच नाही. काकी म्हणाल्या, "मेला तो झाडू काढूनच टाक." परंतु पंत असते तर ऐसे न करते. परक्या घरी जो प्रोग्राम पाठवावा, त्याने त्या घरच्या झाडूसही पुरून उरावे. म्हणोन आम्ही स्क्रिप्टीस हात लाविला नाही. बांधतानाच्या हुकुमात एकच ओळ वाढविली, की गठडी धर्मशाळेत न सोडता आपल्या कायमच्या फोल्डरात सोडावी.

दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम घेऊन पुन्हा जिने चढलो. सकाळ गेली, झाडू आला आणि गेला. आम्ही कळेवर बोट ठेवीत होतो इतक्यात भार्गवराव उठून आले, आमचा हात हळूच बाजूस सारिला, डोळे मिटिले आणि स्वतः कळ दाबिली. पंतांचा आवाज घरभर जाहला, "सुमित्रा, वरणात एवढं मीठ कोणत्या आनंदात टाकलंस?"

काकी पातेले घेऊन उभ्याच राहिल्या. "अहो, अजून वाढलंसुद्धा नाही मी!"

मग भार्गवराव थांबेनात. भाच्यास, दूधवाल्यास, खालच्या मजल्यास, सर्वांस त्यांनी यथेच्छ बोलून घेतले आणि पंतांचा आवाज कोठेही तुटला नाही.

येणेप्रमाणे भार्गवरावांच्या वाचेचा बंदोबस्त जाहला. बिघाड झाडूचा, उपाय एका ओळीचा, रीत पंतांची, आणि आम्ही केवळ जिने चढलो. आमच्या घरी तोंडावर वाखाणण्याचा रिवाज नव्हता, पंत नवे काम दाखवून "कसं झालंय?" विचारीत, आणि आम्ही "ठीक आहे" म्हणत असू, आणि तेवढ्यावर ते संतुष्ट होत. शेवटी भार्गवरावांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवून एक कळ दाबिली, आणि पंत म्हणाले, "माझं झालं. आता तू बोल." भार्गवरावांचे ते वाक्य भांडण संपविण्याचे, आणि बहुधा ते काकींस उद्देशून असे. परंतु आम्ही उभे राहिलो, आणि त्या दोघांदेखत मोठ्याने म्हणालो, "बाबा, फार सुंदर केलंय तुम्ही हे. सगळंच फार सुंदर करायचात."