हुंकाऱ्याचा तुटवडा

एखादा समाज किती पुढारलेला आहे, हे त्याच्या दुकानांत काय संपलं आहे यावरून ओळखावं. मागासलेल्या ठिकाणी धान्य संपतं, औषधं संपतात. पुढारलेल्या ठिकाणी त्या वर्षी, वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या तोंडावर, हुंकारा संपला.

ज्यांच्या घरी तो पोचला नाही (म्हणजे जवळजवळ सर्वांच्याच) त्यांच्यासाठी खुलासा: हुंकारा हे पालथ्या वाटीसारखं दिसणारं एक यंत्र. ते समोर ठेवून बोलायला लागलं की योग्य त्या अंतराने ते "हं" म्हणतं. साध्या प्रकारात नुसतं "हं" मिळतं, मधल्या प्रकारात "हं" आणि "बरं", आणि उंची प्रकारात "हं", "बरं", "काय सांगता" आणि "मग?" असा पूर्ण संच. उत्पादकांच्या पाहणीनुसार शंभरांतल्या ब्याण्णव माणसांची घरच्यांकडून एवढीच अपेक्षा असते. उरलेले आठजण पाहणी करणाऱ्याशी इतका वेळ बोलत राहिले, की त्यांचं मत नोंदवायचं राहून गेलं.

सुट्ट्यांत मागणी वाढण्याचं कारण शास्त्रीय होतं. एरवी माणसं कामावर जाऊन एकमेकांपासून बचाव करतात. सुट्टीत ती एकाच खोलीत सापडतात, आणि सगळी एकदम बोलायला लागतात. ऐकणारा बाहेरून आणावा लागतो.

आपल्या कथेतल्या घराला मात्र हुंकाऱ्याची गरज नव्हती. तिथे बाबा होते.

बाबा लिफ्ट-तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीची सगळी वर्षं बंद पेटीत उभं राहून वर-खाली जाण्यात गेली, त्यामुळे आत कसलाही आवाज झाला तरी चेहरा हलू द्यायचा नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आई सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायची आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, वर्तमानपत्राआडून "हं" म्हणायचे. त्यांची एकुलती एक लेक ग्रंथालयात कामाला होती. लोकांना गप्प बसवण्याचा तिला पगार मिळे, आणि घरी आल्यावर ती पुस्तकात डोकं घाली. असं ते तिघांचं सुखी कुटुंब होतं, एक बोलणारं, एक हुंकारणारं, एक वाचणारं.

बाबांच्या शेवटच्या रविवारी वर्तमानपत्रात तुटवड्याचीच बातमी होती. आईने ती पलीकडच्या बाजूने वाचली. "अहो, ऐकलंत का? लोक अंधारात उठून रांगा लावतायत. कशासाठी, तर हं म्हणणारं यंत्र घ्यायला. पैसे वर आले असतील लोकांचे."

"हं," बाबा म्हणाले.

लेकीला चहा पिता पिता ठसका लागला. यात हसण्यासारखं काय आहे, असं आईने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वरच्या मजल्यावरच्या बाईच्या नव्या पडद्यांकडे वळली.

मग एक विशेष गोष्ट घडली. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि कुणी काही विचारलेलं नसताना स्वतःहून बोलायला सुरुवात केली. "अगं, काल लिफ्टमध्ये गंमत झाली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर..."

"लिफ्टवरून आठवलं," आई म्हणाली, "तो नळवाला आज येतो म्हणाला होता."

लिफ्टवरून नळवाला कसा आठवतो, हे आईलाच ठाऊक. पण नळवाल्याचा विषय चांगला लांबला. बाबांनी एकदा लेकीकडे पाहिलं. लेकीने पान उलटलं. बाबा "हं" म्हणाले आणि त्यांनी घडी पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसावा. आई तेव्हा त्यांना काहीतरी सांगतच होती. नंतर आलेल्यागेलेल्यांना ती एवढंच म्हणाली, की मध्ये एकदा हं आलं होतं, म्हणून तिला शंका आली नाही.

आणि मग आई बोलायची थांबली.

सुरुवातीला लोक म्हणाले, धक्का आहे, ओसरेल. तो ओसरला नाही. ती खुर्चीसमोर बसायची, तोंड उघडायची आणि मिटायची. नळवाला आला, नळ आणखी बिघडवून गेला, तरी ती काही बोलली नाही. जिच्या बोलण्याला वैतागून लेकीने निम्मं ग्रंथालय वाचून काढलं होतं, त्या आईची शांतता तिला एक पानही वाचू देईना. आपल्या धंद्यातलं एवढं मोठं यश तिला कधी मिळालं नव्हतं आणि आता ते नको होतं. आई जेवण विसरायला लागली, तेव्हा लेक हुंकाऱ्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

रांग शिस्तबद्ध होती. रांगेतला प्रत्येकजण पुढच्याच्या पाठीशी बोलत होता, आणि तो पुढचा त्याच्या पुढच्याच्या पाठीशी. सर्वांत पुढचे गृहस्थ दुकानाच्या बंद शटरशी बोलत होते, आणि त्यांचंच बोलणं सर्वांत नीट ऐकलं जात होतं असं एकूण दिसत होतं. शटरवर पाटी होती: "साठा संपला आहे. आपण समजून घ्याल याची खात्री आहे. न घेतल्यास तक्रार विभागाशी बोला."

लेक तक्रार विभागाशी फोनवर बोलली. पलीकडून "हं" आलं. ती आणखी बोलली. "बरं" आलं. तिने सगळी हकिगत सांगितली, आणि फोन ठेवल्यावर तिला खरोखर हलकं वाटलं. पण हातात काहीच पडलं नव्हतं. तुटवड्याचं मूळ इथेच होतं. हुंकारे मिळत नाहीत म्हणून तक्रारी वाढल्या. तक्रारी ऐकायला माणसं पुरेनात म्हणून कंपनीने तयार झालेले सगळे हुंकारे तक्रार विभागात बसवले. त्यामुळे बाजारात ते मिळेनात. तक्रारदारांचं समाधान मात्र आजवरच्या सर्वोच्च पातळीला पोचलं होतं, आणि हे कंपनीने मोठ्या अक्षरांत छापलं.

तरीही माणुसकी म्हणून काही यंत्रं राखून ठेवली होती. "ऐकणारी व्यक्ती नुकतीच गमावलेली घरं" असा एक अग्रक्रमाचा गट होता. (त्याखालोखाल "ऐकणारी व्यक्ती हयात, पण मोबाईल घेतलेला" हा गट. तो इतका मोठा निघाला, की बंद करावा लागला.) त्यासाठी घरी येऊन पडताळणी होई. लेकीने आईच्या नावाने अर्ज केला आणि एका दुपारी पडताळणी अधिकारी आले. गळ्यात ओळखपत्र, पायांत आवाज न करणारे बूट.

त्यांनी खुर्ची पाहिली. वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाहिला. मग आईसमोर बसून विचारलं, "मयत आपलं बोलणं ऐकत असत का?"

आई काही बोलली नाही.

अधिकाऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहून लेकीला बाजूला घेतलं. अडचण अशी होती, की यंत्र बोलणाऱ्यांसाठी आहे आणि अर्जदार तर बोलतच नाहीत. लेक म्हणाली, ऐकणारा नाही म्हणून ती बोलत नाही. अधिकारी म्हणाले, समजतं, पण नियमानुसार आधी बोलणं दिसलं पाहिजे, मग ऐकण्याची सोय. नाहीतर उद्या कुणीही गप्प बसेल आणि यंत्र मागेल.

"या घरात बोलणारं माणूस आहे," लेक म्हणाली. "मी आहे."

आणि तिने सुरुवात केली. तिच्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं, म्हणून तिने ग्रंथालयात पुस्तकं कशी लावतात ते सांगितलं. आधी विषय, मग उपविषय, मग लेखकाचं आडनाव. दोन लेखकांचं आडनाव एकच असलं तर काय करतात, ते सांगितलं. प्रवासवर्णन आणि भूगोल यांच्या सीमेवरच्या पुस्तकांचं काय करतात (हा वाद अजून मिटलेला नाही) तेही सांगितलं. अधिकारी "हं" म्हणाले. "बरं" म्हणाले. "काय सांगता" म्हणाले, पण उभे राहून. वाळवीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी चालता चालता सही केली आणि जिन्यानेच खाली उतरले, लिफ्टची वाट पाहायला थांबले नाहीत.

यंत्र आलं. तेही उंची प्रकारातलं. लेकीने ते पुसून बाबांच्या खुर्चीत, उशीवर ठेवलं आणि आईला हाताला धरून समोर बसवलं.

आईने ती वाटी सगळ्या बाजूंनी न्याहाळली. मग घसा खाकरून हळूच म्हणाली, "नळ गळतोय अजून."

वाटी थांबली. वाक्य संपल्याची तिने खात्री केली. मग अदबीने म्हणाली, "हं."

लेकीने आईकडे पाहिलं.

"हे ऐकतंय," आई म्हणाली.

"हो ना. छान आहे की नाही?"

"मला नको. ते ऐकायचे नाहीत गं. माझं निम्मं व्हायच्या आत त्यांचं हं यायचं. म्हणून तर त्यांच्यापुढे काहीही बोलता यायचं. हे मेलं कान देऊन बसलंय. याच्यापुढे मी तुझ्या आत्याबद्दल कशी बोलू?" आणि तिला आत्याबद्दल आठवलंच. आत्यावरून वरच्या मजल्यावरची बाई, तिचे पडदे, पडद्यांवरून नळवाला. बोलता बोलता ती उठली, स्वयंपाकघरात गेली, भांडी वाजू लागली. लेकीने वाटी खोक्यात भरली, बाबांच्या खुर्चीत बसली, हाताशी आलं ते वर्तमानपत्र उघडलं, आणि आतून आलेल्या एका वाक्याला, ते संपायच्या आत, म्हणाली, "हं."

म्हणजे काम झालं होतं. कंपनीच्या नोंदीत ही तक्रार "समाधानकारकरीत्या निकाली" अशी लागली. कथाही इथेच संपायची. पण खोक्याचं झाकण नीट बसलं नसावं. नळवाल्याच्या मुद्द्याशी आई जरा थांबली आणि खोक्यातून स्वच्छ, उत्सुक आवाज आला, "मग?"

"बघ," आई आतून म्हणाली, "मध्येच विचारतं."

लेकीच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. या घरात हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता.

चोखंदळ वाचकांनी इथपर्यंत चार-पाच वेळा मनातल्या मनात "हं" म्हटलं असेल, त्याबद्दल आभार. बाबांच्या गोष्टीतलं लिफ्टचं दार मघाच, चहाच्या वेळी उघडलं होतं. समोर काय होतं, असं त्यानंतर कुणी विचारल्याची नोंद नाही.

लेकीने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. स्वयंपाकघरातली भांडी थांबायची तिने वाट पाहिली नाही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "चौथ्या मजल्यावर दार उघडलं. मग?"