तनी चालू असताना

माझी नात निला मैदानावरचा गाण्याचा कार्यक्रम ऐकून आली आणि मी नको तिथं तोंड उघडलं. एरवी मी दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन कॉफीबद्दल असतात. त्या रविवारी पाचवं बोललो.

ती सांगत होती, "वीस हजार माणसं होती, आजोबा. तीन तास उभी. माझ्या पुढच्याचा पाय मुरगळला, तरी तो जागचा हलला नाही."

"माझ्यासाठीसुद्धा लोक धावत आले होते," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. मी मृदंग वाजवतो. शाळा तिसरीत सुटली. त्यानंतर दोनच गोष्टी आल्या, एक उजव्या हाताला आणि एक डाव्या. मैलापूरच्या संगीत सभांत पन्नास वर्षं गवयांच्या बाजूला बसलो. मैफल चांगली चढली की गवई थांबतो आणि मृदंगवाल्याला एकट्याला वाजवू देतो. त्याला तनी म्हणतात. तनी सुरू झाली की मद्रासचे श्रोते उठतात आणि कँटीनला जातात. राग धरण्यासारखं त्यात काही नाही. माणसाला भूक लागतेच, फक्त ती नेमकी माझ्या वेळेला लागते. तनीत मी डोळे मिटून घेतो. लोक म्हणतात, काय तल्लीनता. (उघडे ठेवले तर खुर्च्या दिसतात.)

पण चाळीस वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, भागवतर नावाच्या बड्या गवयांच्या मैफलीत वेगळंच झालं. माझ्या तनीचा शेवट आला आणि बाहेर गेलेले लोक धावत आत आले. डोळे उघडले तर हॉल भरलेला. मृदंगवाल्याच्या जन्मात असं एकदा होतं, बहुतेकांच्या तेही होत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझी बायको धर्मा त्या दिवशी तिसऱ्या रांगेतून उठलीच नव्हती. पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. हे तिनंच मला सांगितलंय. पुढं किती हॉल रिकामे झाले, ते सगळे मी त्या एका खुर्चीच्या आधारावर काढले.

"मग रेकॉर्डिंग असेल ना?" निलानं विचारलं.

होतं. धर्माचा भाऊ सेतू तेव्हा सिंगापूरहून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्यानं मैफल त्यावर भरून घेतली, कॅसेट मला दिली आणि टेपरेकॉर्डर घेऊन परत गेला. आमच्याकडे ती वाजवायला काही नव्हतं, आणि आपलं वाजवणं आपण ऐकू नये, अशी माझ्या गुरूंची ताकीद होती. कॅसेट देव्हाऱ्यात गेली. रोज तिला फूल मिळायचं.

निलानं ती दुकानात नेऊन फोनमध्ये भरून आणली. पुढच्या रविवारी दुपारी सेतूलाही बोलावलं. आता तो इथं मद्रासलाच असतो, गुडघ्यांनी थकलाय.

"कशाला जुनं उकरायचं," धर्मा म्हणाली. "बुरशी धरली असेल त्याला."

"फोनला कुठली बुरशी, आजी?"

भागवतरांचं गाणं छान आलं होतं. मग ते थांबले आणि माझी पहिली थाप पडली. निला पुढं सरकून बसली. (माझ्या तनीला पुढं सरकलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.) तेवढ्यात फोनमध्ये खुर्ची करकरली. मग चपला वाजल्या. मग दार. माझा मृदंग लांब जाऊ लागला, कुणी बैलगाडीत घालून नेत असल्यासारखा. मग भांडी आदळली आणि एक माणूस ओरडला, "दोन वडा सांबार, तीन कॉफी."

आम्ही सगळ्यांनी सेतूकडे बघितलं.

"हॉलमध्ये ठेवून कसा जाणार, दाजी?" सेतू म्हणाला. "सिंगापूरचा होता. बंद करायचा राहिला असेल."

"म्हणजे तू उठलास."

"सगळेच उठले हो."

"सगळे नाही," मी म्हणालो आणि धर्माकडे बघितलं.

"बंद कर गं ते, निला," धर्मा म्हणाली. "कान किटले."

पण उशीर झाला होता. फोनमधून एक तरुण बाई बोलली. तो आवाज मी चाळीस वर्षांनी ऐकत होतो, तरी लगेच ओळखला.

"सेतू, अजून एक रवा डोसा सांग. घाई नाही. आत्ता यांचे पाचाचे तुकडे चाललेत, मग तिनाचे, मग घटमवाल्याच्या मडक्याशी सवालजवाब. वीस मिनिटं तरी हलत नाहीत हे."

पुढं ती काही बोलली नाही. डोसा आला असावा.

"तिसरी रांग," मी म्हणालो.

"तनीपर्यंत होतेच की तिथं. आणि कँटीनमधून ऐकत नव्हते का? एक तरी तुकडा चुकले का ओळखायला? तिथून अगदी स्पष्ट येतं."

"डोळ्यांना पदर लावला होतास."

"सांबार तिखट होतं."

मग शेवट आला. लांबून माझा चढता तुकडा ऐकू येत होता, माझा सगळ्यात आवडता. त्याच्यावरून कँटीनवाल्याचा आवाज आला, "कॉफी संपली. चला मंडळी, कॉफी संपली." आणि शंभर खुर्च्या सरकल्या, शंभर माणसं धावली.

चाळीस वर्षं मी याला फूल वाहत होतो.

निला हसली नाही. तेवढं तिनं माझ्यासाठी केलं. "टेप राहू दे, आजोबा," ती म्हणाली. "आत्ता वाजवा. मी बसते. उठणार नाही."

मी मृदंग काढला. त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेला रवा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. "थोडा रवा दे," मी धर्माला म्हणालो. इतक्या कोरड्या आवाजात मी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं डबा काढला, मला वाटीत रवा दिला. डबा मात्र परत ठेवला नाही. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. हात अजून चालतात. पाचाचे तुकडे झाले, तिनाचे घेतले. कुठंतरी तवा चुरचुरला. जिरं-मिरीचा वास आला. सेतूचे गुडघे कडकडले. ते मी ओळखतो, ते कधीच लयीत नसतात. मी सावकाश पुढं जात राहिलो. मग आणखी एक पाऊल उठलं, अगदी हलकं, चोरट्यासारखं. पाय तरुण होते. मी डोळे उघडले नाहीत. चढता तुकडा तीनदा घेतला, नीट समेवर आणून ठेवला, आणि मगच उघडले.

खुर्च्या होत्या.

स्वयंपाकघरात तिघं ताटं घेऊन बसली होती. निलाचं तोंड भरलेलं होतं.

"फार छान झालं, आजोबा," ती म्हणाली. "इथून अगदी स्पष्ट येतं."

मीही पाट ओढून बसलो. धर्मानं माझ्यापुढं ताट ठेवलं, पातेल्यात डाव फिरवला आणि पातेलं वाकडं करून मला दाखवलं.

"तीनच डोसे झाले," ती म्हणाली. "चौथ्याला रवा कमी पडला. तो तुम्ही आत्ता वाजवलात."