सुभद्राबाईंचे बिघडलेले विंचू

विंचू चावलेला माणूस बोंबलत दवाखान्यात आला, की सुभद्राबाई आधी विचारायच्या, "इचू आणला का?"

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मारेगावच्या दवाखान्यात मी कंपाउंडर, सुभद्राबाई नर्स. इंजेक्शन त्या झटकन द्यायच्या, पण चौकशी सगळी विंचवाची. पाय आठच होते ना? पुढचे दोन्ही चिमटे सारखे होते का? मारून आणला असेल तर पेशंटवरच तापायच्या. "मोजल्याबिगर मारता काहून?"

बाईंना हवे असत बिघडलेले विंचू. टिंक्चरच्या बाटल्यांमागे त्यांच्या बरण्या होत्या. एकीत एकाच चिमट्याचा, दुसरीत सात पायांचा, तिसरीत कात टाकताना अडकून वाकडा झालेला. सगळे जिवंत. त्यांना झुरळं लागत, आणि ती पकडणं माझ्याकडे होतं.

पुढे लोकांनाही नाद लागला. केळापूरचा एक गडी तंबाखूच्या डबीत दोन शेपट्यांचा विंचू घेऊन एसटीनं आला. बाईंनी डबी टेबलावर उपडी केली. विंचू तुरुतुरु निघाला आणि दुसरी शेपटी तिथंच राहिली. गड्यानं ती लाखेनं चिकटवली होती! बाई इतक्या हसल्या, की काय झालं म्हणून डॉक्टर धावत आले आणि टेबल पाहून खुर्चीवर चढले. गड्याला मात्र बाईंनी चहा पाजून परत पाठवलं.

एका सकाळी एक पहिलटकरीण बाळंत झाली. मुलगी झाली, पण डावं पाऊल आत वळलेलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली, बाळाला घेईना. हे सुधारतं, असं डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. उपयोग झाला नाही.

दुपारी बाई एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातावर बाळ घेऊन तिच्या खाटेशी गेल्या. मी मागोमाग गेलो. बरणीत विंचवीण होती, पाठीवर लाह्यांसारखी पांढरी पिल्लं.

"यातल्या एकाचा पाय वाकडा हाय," बाई म्हणाल्या. "सांग बरं, कोणाचा?"

आई आधी नुसती वळली, मग उठून बसली. विंचवीण एका जागी ठरेना. बरणी धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून बाईंनी बाळ आईच्याच मांडीवर ठेवलं. बाळ रडू लागलं. बरणीवरची नजर न काढता तिनं त्याला पदराखाली घेतलं.

बऱ्याच वेळानं तिनं बोट दाखवलं. "हा."

"बराबर," बाई म्हणाल्या.

नंतर मी बरणी खिडकीशी नेली आणि भिंग लावून एकेक पिल्लू पाहिलं. सगळ्यांचे पाय सरळ होते.

मी हळूच बाईंना तसं सांगितलं. त्या खाटेशी बसून बाळाचं पाऊल तेलानं चोळत होत्या. आई झोपली होती.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "तिले नका सांगू."